म्हातारीला शेंदूर नको

तात्या, तुम्ही गेल्याची बातमी बारामतीच्या पेठेत आली तेव्हा लोकांनी पहिली चौकशी केली ती म्हातारीची. तुम्हाला काय झालं, ताप किती दिवस होता, शेवटी जवळ कोण होतं, हे सगळं मागाहून. आधी एकच, "आता तिचं कसं हो?" मला राग आला. मग मनात आलं, हे ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात, आणि मी राग गिळून टाकला.

बातमी इंदापूरच्या मोटारीच्या ड्रायव्हरने आणली. दुकानासमोर मोटार उभी करून तो खाली उतरला. एरवी तो कधी उतरत नाही. मी माळेगावच्या एका शेतकऱ्याला मोटेचा नाडा मोजून देत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, महादू पाथरवट गेला. इंदापुरात. तापानं." मी नाडा शेवटपर्यंत मोजला, तोडला, वेटोळं करून गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मग विचारलं, "कुठला महादू?" जसे काही माझ्या ओळखीचे दहा-वीस महादू पाथरवट होते.

दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीने मी इंदापूरला गेलो. तोवर सगळं उरकलं होतं. ज्या विहिरीचं तोंड बांधायला तुम्ही गेला होता ती अर्धवट उभी होती, आणि घडवलेले दगड काठावर ओळीने मांडून ठेवलेले होते. तुमच्या चुलतभावाने पाणी दिलं, घोंगडी टाकली, जवळ बसला. चांगला माणूस आहे. मी त्याला म्हातारीबद्दल सांगितलं तेव्हा तो गोंधळला. "दगडाची म्हातारी? ती कशापायी केली?" इंदापुरात तुम्ही विहिरी बांधणारे आणि जात्याला टाकी लावणारे महादू होता, बस्स. म्हातारी कशापायी केली हे मी तुम्हाला कितीदा तरी विचारलं असेल, आणि तुम्ही कधी धड उत्तर दिलं नाही. मग मी त्याला काय सांगणार? म्हटलं, "झाली खरी." आणि परतीच्या मोटारीत बसलो.

कशापायी ते माहीत नसलं तरी कशी झाली ते मला माहीत आहे. माझ्या दुपारच्या झोपेचा बळी देऊन झाली.

स्टेशनकडून पेठेत येणारा रस्ता माझ्या दुकानापाशी वळतो. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला तशी गुळाच्या गाड्यांची रीघ लागली, आणि वळणावर गाडी जरा आत आली की चाक माझ्या ओट्याच्या कोपऱ्याला घासायचं. ओट्याचे दगड एकेक करून निखळत चालले होते. हा ओटा माझ्या वडिलांनी बांधलेला. दुकानापेक्षा रुंद, आणि खरं सांगायचं तर मला दुकानापेक्षा प्यारा. दुकानात दोर, कुदळी आणि खिळे, ओट्यावर माणसं. म्हणून तुम्हाला बोलावून सांगितलं, "तात्या, कोपऱ्यावर एक दांडगा दगड पुरून द्या. चाक त्याला आपटलं पायजे, ओट्याला न्हाय." तुम्ही म्हणालात, "बघू." तुम्ही सगळ्यालाच बघू म्हणायचात. जेवायला चला म्हटलं तरी बघू, आणि मग निमूटपणे पाटावर येऊन बसायचात.

दगड आणलात तो काळाकुट्ट, चांगला कंबरेएवढा. हातोडीने ठोकून, कान लावून, आवाज बद्द येत नाही याची खात्री करून मग पुरलात. अर्ध्याहून जास्त जमिनीत गेला. माथ्यावर मात्र एक ओबडधोबड गोळा तसाच ठेवलात. मी म्हटलं, हा उडवा की. तुम्ही म्हणालात, बघू. त्यानंतर रोज दुपारी, बाकीची कामं आटोपली की, तुम्ही त्या गोळ्याशी येऊन बसू लागलात. टाकीचा टणटण आवाज थेट माझ्या उशाशी. मी आतून ओरडायचो आणि तुम्ही बाहेरून "झालं, झालं" म्हणायचात, जशी आई रडणाऱ्या पोराला म्हणते.

एक दिवस चिडून बाहेर आलो तर दगडाच्या माथ्यावर वीतभर म्हातारी बसलेली. उकिडवी. डोक्यावरून पदर, कोपरं गुडघ्यांवर, मान जरा वर, आणि तोंड किंचित उघडं. जाणाऱ्या माणसाला आता काहीतरी विचारणार असं. मी म्हटलं, "मी गाड्या अडवाय दगड मागितला व्हता. तुमी म्हातारी दिली व्हय?" तुम्ही फुंकर घालून तिच्या गुडघ्यावरची भुकटी उडवलीत आणि म्हणालात, "ती बी अडवंल."

आणि अडवल्या की तिने. वर्षानुवर्षं माझा ओटा फोडत आलेले गाडीवान वळणावर कासरा ओढून ओरडायला लागले, "ए, भाईरनं घे, म्हातारीला लागंल!" माझ्या ओरडण्याने यांचा बैल कधी कान हलवत नव्हता. मला अपमान वाटला आणि ओटा वाचल्याचं समाधानही झालं. दोन्ही एकदम.

तिच्या त्या उघड्या तोंडाचीच सगळी करामत होती. जाणारा माणूस तिच्याकडे पाहायचा आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "दवाखान्यात चाललोय, म्हातारे." "लेकीला सासरी घालवून आलो." सांगवीची माणसं, पिंपळीची माणसं, रेल्वेतून उतरलेली परगावची माणसं. एकदा कोट-टोपीतले एक पाहुणे तिच्यासमोर थबकले, आजूबाजूला कोणी बघत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "गाडी चुकली." मी आत बसून ऐकलं. थंडीत कोणीतरी तिला चिंध्यांची एवढीशी वाकळ शिवून पांघरली. संक्रांतीला तिच्या पायाशी तिळगूळ पडला, तो मुंग्यांनी आणि मी वाटून खाल्ला. माझ्या दुकानाची पाटी कोणी वाचेना. "म्हातारीपाशी" एवढा पत्ता सगळ्या तालुक्याला पुरायला लागला.

ही कोण, असं प्रत्येकजण तुम्हाला विचारायचा. सांगवीची साळूबाई बाजारच्या दिवशी वांगी-मेथीची पाटी घेऊन तिच्या शेजारी बसते. तिने तर परस्पर ठरवून टाकलं होतं की ही तिची मेलेली सासू. "नाक बघा की, आप्पा. तसंच वाकडं." मी ती संधी सोडली नाही. तुम्हाला म्हटलं, नाक वाकडं झालंय हे भाजीवालीलाही कळलं. तुम्ही म्हातारीच्या नाकाकडे बराच वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात, "वाकडं न्हाय. तिला सर्दी हाय." आणि कोण ही, याचं उत्तर नेहमीचं, "कुनीच न्हाय. म्हातारी हाय."

नाक वाकडंच आहे, तात्या. ते मी आजही सोडत नाही. पण तिच्यापेक्षा चांगलं नाक या पेठेत दुसऱ्या कोणाला नाही, हेही तितकंच खरं, आणि ते बोलायचं राहिलं.

मग एका सकाळी तिच्या कपाळाला हळदकुंकू लागलेलं दिसलं, आणि पायाशी लिंबू. कोणी वाहिलं देव जाणे. तुम्हाला तसं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझ्या घरातून चिंच मागून आणलीत, पाणी आणलंत आणि तिचं कपाळ घासून घासून धुतलंत. लिंबू माझ्याकडे फेकून म्हणालात, सरबत करा. मग ओट्यावर चढून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलात, "ही द्येवी न्हाय! ही म्हातारी हाय म्हातारी!" गल्ली हसली. मीही हसलो. तिथून आपला वाद सुरू झाला.

माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही. आपल्याकडे शेंदूर लागलेला दगड कोणी हलवत नाही. रस्ता वळतो, भिंत वळते, पाटाचं पाणीसुद्धा वळवून नेतात. बिनशेंदराचा दगड मात्र आज ना उद्या कोणाच्या तरी पायरीत जातो. "तुमी पाथरवट," मी म्हणायचो, "तुमाला हे मी सांगायचं?" तुम्ही ओट्याच्या कडेला पाय सोडून बसायचात, बशीतला चहा फुंकायचात आणि म्हणायचात, "द्येव करायचा असता तर द्येवच केला असता, आप्पा. मारुती घडवलं, नंदी घडवलं. मला काय द्येव येत न्हाय का?"

"मग बोटभर शेंदरानं काय बिघडतं?"

"आत्ता समदी तिला इचारत्यात, म्हातारे, कशी हायस? एकदा शेंदूर लागू द्या. मंग कशी हायस म्हनून कोन बी इचारनार न्हाय. मंग म्हनतील, आमाला दे. पोरगं दे, पाऊस दे, खटला जिंकून दे."

"मागू द्या की. तुमचं काय जातंय?"

"माझं न्हाय जात. तिचं जातंय."

"तिचं? दगडाचं?"

इथे तुम्ही अर्धा चहा टाकून उठायचात, धोतर झटकायचात आणि चालू पडायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी, त्याच बशीसकट हजर. बायको म्हणायची, तुम्ही दोघं एकच भाकरी किती वेळा भाजणार? पण मला त्या वादाची चटक लागली होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी जे बोलतो त्यात मी कधी नसतोच. तुमच्याशी भांडताना असायचो.

यंदा उन्हाळ्यात गटाराची बातमी आली. पेठेत घाण पाणी तुंबतं, त्यासाठी नवं दगडी गटार काढायचं ठरलं. त्यात काही वाईट नव्हतं. मीच चार वर्षं त्यासाठी बोंबलत होतो. म्युनिसिपालिटीचा मुकादम आला आणि त्याने चुन्याची पांढरी रेघ मारली. रेघ सरळ आली, माझ्या ओट्याला खेटून, आणि बरोबर म्हातारीच्या खालून पुढे गेली. मुकादम भला माणूस. रेघ मारून झाल्यावर तोच ओशाळला. म्हणाला, "आप्पा, लायनीतला दगुड काढावा लागतोय. म्हनत असाल तर वरची म्हातारी कापून देतो, दुकानात ठिवा." मग आवाज उतरवून म्हणाला, "न्हायतर शेंदूर लावा की. शेंदूर असला तर मी हात लावत न्हाय. वर सांगतो, द्येवस्थान हाय. लाईन वळवत्याल."

मला वाटलं, वाद संपला. खुद्द मुकादम माझ्या बाजूने बोलला. तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला ओट्यावर बसूसुद्धा दिलं नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही रेघ पाहिलीत, म्हातारी पाहिलीत. कापून दुकानात ठेवायचं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "दुकानात बसून ती काय इचारंल? नाडा कसा दिला?" मला हसू आलं, पण मी हसलो नाही. म्हटलं, मग राहिला शेंदूर. तुम्ही मान हलवलीत. नाही म्हणजे नाही. मी चिडलो. म्हटलं, "मंग फुटू द्या तिला. तुमच्या हट्टापायी." तुम्ही म्हणालात, "बघू." पिशवी खांद्याला लावलीत आणि विहिरीच्या कामाला इंदापूरला निघून गेलात.

ते आपलं शेवटचं बोलणं. पुष्कळ लोक शेवटच्या बोलण्याबद्दल हळहळतात. मी हळहळत नाही. आपण रोज असंच बोलायचो, त्या दिवशी वेगळं का बोलावं? एवढंच वाटतं की उत्तर माझ्याकडे राहिलं. तुमच्या "बघू"वर मी काय बोलणार होतो ते तयार होतं, तुम्ही परत आल्यावर सुनवायचं होतं. ते अजून तसंच आहे.

मी इंदापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या फळ्या काढतोय तोच समोर बायका. साळूबाई पुढे, मागे पेठेतल्या पाच-सहाजणी. साळूबाईच्या हातात ताट, ताटात तेलात कालवलेला शेंदूर, हळदकुंकू, फुलं. गटाराचे खणणारे गल्लीच्या टोकाला येऊन पोचले होते, कुदळींचा आवाज येत होता. त्या कुदळी माझ्याच दुकानातून गेलेल्या.

साळूबाई म्हणाली, "आप्पा, तात्या व्हतं तवर आमी गप बसलो. त्येंच्या शब्दाभाईर गेलो न्हाय. आता त्ये न्हायती. आता तिला वाचवाय नगं?"

खरं बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गेली कित्येक वर्षं मी जे ओरडून सांगत होतो तेच ती ताटात घेऊन उभी होती. सगळं गाव माझ्या बाजूला आलं होतं, मुकादमासकट. दुसऱ्या बाजूला एकटे तुम्ही, आणि तुम्ही तर नव्हताच. मी नुसतं "लावा" म्हणायचा अवकाश, मी जिंकलो असतो.

नाही जमलं, तात्या. तुम्ही समोर बसून बशी फुंकत असता तर मी स्वतःच्या हाताने तिच्या कपाळाला शेंदूर थापला असता आणि तुमचं तोंड कसं होतं ते पाहिलं असतं. पण तुम्ही उत्तर द्यायला नसताना जिंकणं म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाण्यासारखं वाटलं. आणि मग पहिल्यांदाच मला भीती वाटली, की बाजारच्या दिवशी लोक येतील, हात जोडतील, नारळ फोडतील, मागणं मागतील, आणि कोणी तिच्याशी बोलणार नाही. हे तुमचं म्हणणं. माझ्या डोक्यात ते तुमच्याच आवाजात आलं.

साळूबाईचं बोट शेंदरात बुडलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब. सुतक हाय."

"कुनाला?"

"तिला. तिला घडवनारा गेलाय. अजून दिवस झालं न्हाईत. सुतकातल्या बाईला शेंदूर लावती व्हय?"

मी हे काय बोललो ते मलाच कळलं नाही. वाटलं, आता हसतील. पण साळूबाईने चटका बसावा तसा हात मागे घेतला. बोट पदराला पुसलं, ताट पदराखाली घेतलं. मागून एकजण म्हणाली, "अगं बया, आमच्या ध्यानातच न्हाय आलं." दगडाला देव करायला निघालेल्या बायका, दगडाला सुतक असतं हे त्यांना पटायला काहीच वेळ लागला नाही. त्यांनी तिच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं आणि पाय न वाजवता निघून गेल्या. खणणाऱ्यांपर्यंत ही बातमी माझ्या आधी पोचली. दुपारी मुकादम येऊन म्हणाला, "दिवस होऊ द्या, आप्पा. तवर दुसऱ्या टोकाला लावतो मानसं." त्यालाही हे अगदी रास्त वाटलं होतं.

सुतकाने दिवस मिळाले, पण सुतक फिटतंच. ते फिटलं की एक तर शेंदूर, नाहीतर कुदळ. मी ओट्यावर बसून त्या चुन्याच्या रेघेकडे बघत राहायचो. दुपारी आता शांतता असते. टाकी नाही, टणटण नाही, ओरडायला कोणी नाही. मी आडवा होतो आणि झोप लागत नाही. एवढ्या वर्षांची तक्रार संपली तर तिचंही दुःख होतं, हे कोणी मला आधी सांगायला हवं होतं.

तेरावं इंदापूरला झालं. मी गेलो, जेवलो, परत आलो. दुसऱ्या दिवशी मुकादम माणसं घेऊन हजर. रस्त्याच्या त्या बाजूला साळूबाई, पदराखाली ताट. दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत.

मी मुकादमाला विचारलं, "लाईन रस्त्याच्या अंगाला सरकंल का?"

"रस्ता तसाच अरुंद हाय, आप्पा. सरकली तर आतल्या अंगाला सरकंल."

"मग आतल्या अंगाला घे."

त्याने माझ्या ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आत म्हंजी तुमच्या ओट्यातनं?"

"व्हय."

"ओटा समदा जाईल."

"जाऊ दे. म्हातारीच्या मागनं काढ गटार."

तो म्हणाला, वर विचारून येतो. विचारून आला. जागा माझी, मी देतोय म्हटल्यावर कोणाचं काय जाणार? साळूबाई ताट घेऊन परत गेली. तिला माझं वागणं पटलं नव्हतं आणि मी समजावूनही सांगितलं नाही. मला तरी कुठे नीट सांगता आलं असतं? बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता बसणार कुठं तुम्ही?" तो प्रश्न मला रेघ वळवण्याआधी सुचला नव्हता, असं नाही.

ओटा दोन दिवसांत गेला. तुमची बसायची कड पहिल्याच सकाळी निघाली. वडिलांच्या हातचे दगड गटाराच्या बांधणीत गेले. मी आत गल्ल्यावर, ओट्याकडे पाठ करून बसलो होतो, पण कानांना पाठ करता येत नाही. मला वाईट वाटलं. त्या ओट्याचं वाटलं, वडिलांचं वाटलं, तुमचं वाटलं. कुठलं कोणाचं ते वेगळं काढता येईना. तुमचा राग पण आला. जाताना एक शब्द हो किंवा नाही म्हणाला असतात तर? "बघू" म्हणून गेलात, आणि बघायचं सगळं माझ्यावर आलं.

आता दुकान आणि म्हातारी यांच्यामध्ये गटार आहे. गिऱ्हाइकं फळीवरून ये-जा करतात आणि मला शिव्या देतात. म्हातारी रस्त्याच्या बाजूला, आपल्या दगडावर एकटी. गाड्या अजून बाहेरून जातात.

काल बाजार होता. ऊन वर आल्यावर एक म्हातारी बाई आली. मी तिला ओळखत नाही. डोक्यावर शेंगांची पाटी, अंगावर विटकं लुगडं, पायात काही नाही. ती थेट आली, पाटी उतरवली आणि आपल्या म्हातारीसमोर उकिडवी बसली. पदर पुढे ओढला. नात्यातलं कोणी गेलं की बायका भेटायला येतात ना, तशी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुमच्या माघारी बारामतीत जाऊन भेटावं असं एकही दार नव्हतं. आणि मी "सुतक" म्हणालो होतो, ते गावोगाव गेलं होतं.

तिने दगडाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हातारे," ती म्हणाली, "पिंपळीत कळलं गं मला. लई उशिरा कळलं. गुनाचा व्हता तुझा लेक. माझ्या जात्याला टाकी लावायचा, वट्यावर बसून हसायचा. वाईट झालं बग." गाड्या बाहेरून जात राहिल्या. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "जेवतीस का येळेवर? काय लागलं सवरलं तर सांग गं मला. दर बाजाराला येती मी."

तात्या, देवाला कोणी असं म्हणत नाही.

उठताना तिला मी दारात उभा दिसलो. गटाराच्या पलीकडून तिने विचारलं, "तुमी कोन त्येचं?"

भाऊ नाही, जातीचा नाही, गावचा नाही. मी म्हटलं, "कोण न्हाय. आमी रोज भांडायचो."

तिने पाटी डोक्यावर घेतली, चुंबळ नीट बसवली आणि माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमाला लई जड जाईल," ती म्हणाली, आणि बाजारात गेली.

जातंय, तात्या. जड जातंय.